मतदानानंतरचा आठवडा : फिलिपिन्सच्या बिशपांनी १९८६ साली काय ठरवलं

१३ फेब्रुवारी १९८६ रोजी फिलिपिन्समधले कॅथलिक बिशप मनिलात बैठकीला बसले, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होऊन सहा दिवस झाले होते. अधिकृत निकाल अजून यायचा होता, पण तो काय असणार याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. मोजणीचा शेवटचा टप्पा संसदेत होता आणि संसदेत बहुमत राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्याच पक्षाचं होतं. दोन दिवसांत मार्कोस विजयी घोषित होणार, हे उघड दिसत होतं.

बिशपांपुढे तीन वाटा होत्या. गप्प राहणं, म्हणजे जे होईल ते मान्य करणं. ‘सर्वांनी शांतता राखावी’ असं मोघम आवाहन करून मोकळं होणं, हे सगळ्यांत सोपं होतं. तिसरी वाट म्हणजे मतदानाच्या दिवशी त्यांच्या धर्मप्रांतांत, म्हणजे प्रत्येक बिशपच्या अखत्यारीतल्या भागात, जे घडलं ते नाव घेऊन सांगणं आणि त्यातून येणारा निष्कर्षही सांगणं. त्यांनी तिसरी वाट धरली. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेल्या पत्रकानंतर अकरा दिवसांत वीस वर्षांची राजवट संपली.

या घटनेची गोष्ट बहुतेक वेळा ‘चर्चने हुकूमशहा पाडला’ अशी सांगितली जाते. ती अर्धीच आहे, आणि त्या अर्ध्या गोष्टीवरून धर्मगुरूंनी राजकारणात काय करावं याचे चुकीचे धडे घेतले गेले, खुद्द फिलिपिन्समध्येही. माझ्या मते त्या बैठकीचं बळ बिशपांच्या धार्मिक अधिकारात कमी आणि साक्षीत जास्त होतं. लोकांनी मतदान केंद्रावर स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं होतं, ते बिशपांनी अधिकृतपणे शब्दांत मांडलं. पुढे जेव्हा जेव्हा धर्मगुरूंनी ‘कुणाला मत द्या’ हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा तेच पत्रक लिहिणाऱ्या संस्थेचे शब्द हवेत विरले. हा फरक नीट समजून घेण्यासाठी हे प्रकरण तपशिलात पाहायला हवं.

आधीची वीस वर्षं

मराठी वाचकाला मनिला माहीत असते ती बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली तो विनोबांना मिळाला आणि १९८५ साली, म्हणजे या निवडणुकीच्या काही महिने आधीच, बाबा आमट्यांना. ज्या रॅमन मॅगसेसे यांच्या नावाने तो दिला जातो, ते १९५३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्या निवडणुकीत मतपेट्यांवर पहारा ठेवणारी नागरिकांची एक चळवळ उभी राहिली होती. तिचं नाव ‘नॅम्फ्रेल’. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, याच नावाने ती नव्याने उभी करण्यात आली. उद्योजक होझे कन्सेप्शन तिचे अध्यक्ष होते. म्हणजे निवडणुकीवर साध्या माणसांनी नजर ठेवण्याची परंपरा त्या देशात बिशपांच्या पत्रकाच्या कितीतरी आधीची होती.

मार्कोस १९६५ साली निवडून आले आणि सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. विरोधी नेते, पत्रकार, विद्यार्थी, कामगार पुढारी तुरुंगात गेले. १९८१ मध्ये मार्शल लॉ कागदावर उठला. त्याच वर्षीच्या निवडणुकीवर प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि मार्कोस ८८ टक्के मतांनी जिंकले. २१ ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेतून परतणारे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो, सगळे त्यांना निनॉय म्हणत, मनिलाच्या विमानतळावर उतरताच गोळी घालून मारले गेले. उतरल्यावर वाचून दाखवण्यासाठी त्यांनी जे निवेदन लिहून ठेवलं होतं, त्यात गांधीजींचा दाखला होता: निरपराध माणसाने आपणहून केलेलं बलिदान हेच उन्मत्त जुलमाला सर्वांत प्रभावी उत्तर. ते निवेदन वाचायची वेळच आली नाही.

या सगळ्या काळात चर्चची भूमिका सरळ नव्हती, हे सांगणं गरजेचं आहे. देशातल्या दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक कॅथलिक, त्यामुळे चर्चचा शब्द मोठा. पण मार्शल लॉच्या पहिल्या वर्षांत बिशपांपैकी अनेकांनी सरकारशी जुळवून घेतलं होतं. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हायमे सिन आपल्या धोरणाला ‘टीकेसह सहकार्य’ म्हणत. खालच्या पातळीवर मात्र वेगळंच चाललं होतं. धर्मसंघांच्या प्रमुखांच्या संघटनेने १९७४ मध्ये राजकीय कैद्यांची नोंद ठेवणारी आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणारी यंत्रणा उभी केली. खेड्यापाड्यांत आणि झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या नन आणि तरुण फादर यांनी छळाच्या कहाण्या प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. नेग्रोस बेटावर जागतिक बाजारात साखरेचा भाव कोसळला, मळ्यांवरचं काम थांबलं आणि ऊसमजुरांची मुलं कुपोषणाने मरू लागली. तिथल्याच एस्कलान्ते गावात २० सप्टेंबर १९८५ रोजी आंदोलकांवर गोळीबार होऊन २० जण ठार झाले. बिशपांच्या परिषदेचा सूर बदलत गेला तो या खालून येणाऱ्या माहितीमुळे. १९८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सरकारवर उघड टीका करणारं पत्र काढलं, ते निनॉय यांच्या हत्येच्या सहा महिने आधी.

अहिंसेची तयारी

या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८४ मध्ये जाँ गॉस आणि हिल्डेगार्ड गॉस-मायर हे युरोपीय जोडपं फिलिपिन्सला आलं. आयुष्यभर अहिंसक प्रतिकाराचं प्रशिक्षण देणारी ही माणसं. हिल्डेगार्ड यांच्या आठवणींप्रमाणे, निनॉय यांचे धाकटे भाऊ अगापितो, ज्यांना सगळे बुत्झ म्हणत, या जोडप्याला सांगत होते की थोड्याच दिवसांपूर्वी शस्त्रांचे व्यापारी आपल्याकडे येऊन गेले. देश त्या उंबरठ्यावर उभा होता. डोंगरात कम्युनिस्टांची ‘नवी लोकसेना’ वर्षानुवर्षं लढत होती आणि शहरातले कितीतरी तरुण तिकडे ओढले जात होते.

गॉस दांपत्याने देशभर शिबिरं घेतली. विद्यार्थी, कामगार, नन, फादर आणि बिशपही त्यांत बसले. त्याच वर्षी त्यातून जेझुइट फादर होझे ब्लँको यांच्या पुढाकाराने ‘अकापका’ ही संघटना निघाली. निवडणूक जाहीर झाल्यावर मनिलात ठिकठिकाणी तंबू उभारून उपास आणि प्रार्थना चालल्या. त्यांतला एक देशाच्या बँका आणि कंपन्या जिथे एकवटल्या आहेत त्या मकातीच्या भागात होता. प्रार्थनेबरोबर तिथे चर्चा चाले ती अगदी व्यवहारी प्रश्नांची: मतपेटी हिसकावली तर काय करायचं, सैनिक समोर आला तर त्याच्याशी कसं बोलायचं.

या शिबिरांशी जोडलेले बिशप फ्रान्सिस्को क्लॅव्हर यांचा पुढे पत्रकाच्या मसुद्यात मोठा हात होता. ते उत्तर लुझॉनच्या डोंगरी बोंतोक समाजातले, जेझुइट, पूर्वी बुकिदनोनचे बिशप. वरून आदेश देणाऱ्या चर्चपेक्षा गावातल्या छोट्या समूहांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, हा त्यांचा आग्रह जुना होता. पत्रकातली एक ओळ न् ओळ त्या आग्रहातून आलेली दिसते.

७ फेब्रुवारी आणि नंतर

नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोस यांनी अमेरिकी टीव्हीवरच्या मुलाखतीत मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. विरोधक फुटलेले राहतील असा त्यांचा हिशेब होता. २ डिसेंबरला निनॉय यांच्या हत्येच्या खटल्यातले लष्करप्रमुख फाबियान व्हेर आणि इतर आरोपी निर्दोष सुटले. निनॉय यांच्या पत्नी कोराझोन, म्हणजे कोरी, उमेदवार झाल्या. दुसरे इच्छुक साल्व्हाडोर लॉरेल यांनी उपाध्यक्षपदावर समाधान मानावं म्हणून मध्यस्थी केली ती कार्डिनल सिन यांनी. हे लपवण्यात अर्थ नाही: सिन यांचा कल कुणाकडे होता हे देशाला माहीत होतं. मतासाठी पैसे दिले गेले तरी त्यामुळे मत द्यायचं बंधन येत नाही, असंही त्यांनी लोकांना निक्षून सांगितलं होतं. २५ जानेवारीच्या पत्रात बिशपांच्या परिषदेने फसवणूक आणि दहशतीविरुद्ध आधीच इशारा दिला होता.

इतर धर्मसंस्था एका बाजूला नव्हत्या. ‘इग्लेसिया नि क्रिस्तो’ हा तिथलाच स्वतंत्र ख्रिस्ती पंथ. त्याचं नेतृत्व कुणाला मत द्यायचं ते ठरवतं आणि सदस्य एकगठ्ठा मत देतात. १९८६ मध्ये त्यांचा पाठिंबा मार्कोस यांना होता. डाव्या संघटनांच्या मोठ्या आघाडीने तर निवडणुकीवरच बहिष्कार टाकला होता.

मतदानाच्या दिवशी नॅम्फ्रेलचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक केंद्रांवर होते. शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं, आणि पांढऱ्या झग्यातल्या नन. लाखो मतदारांना केंद्रावर गेल्यावर कळलं की यादीत त्यांचं नावच नाही. काही ठिकाणी मतपेट्या पळवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा ननांनी हातात हात गुंफून त्यांच्याभोवती कडं केलं. नॅम्फ्रेल आपली समांतर मोजणी एका शाळेच्या व्यायामशाळेत करत होती, प्रत्येक केंद्राच्या निकालपत्राच्या प्रतीवरून. सरकारी निवडणूक आयोगाची मोजणी चालली होती मनिलाच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात.

९ फेब्रुवारीच्या रात्री त्या केंद्रातले तीसएक संगणक कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. आपण भरतो ते आकडे आणि फलकावर झळकतात ते आकडे जुळत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. यात बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्यांनी आसरा घेतला बाक्लारानच्या चर्चमध्ये. दोन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, अँटिक प्रांताचे माजी गव्हर्नर आणि कोरी यांच्या प्रचाराचे तिथले प्रमुख एव्हेलियो हाव्हिएर यांना भर दिवसा गावच्या चौकात गोळ्या घातल्या गेल्या. त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन पत्रकार परिषदेत म्हणाले की गैरप्रकार दोन्ही बाजूंनी झाले असण्याची शक्यता आहे. फिलिपिन्समध्ये या वाक्याने जी चीड उसळली ती समजण्यासारखी आहे. मतपेटीभोवती कडं करणाऱ्या ननेला आणि पेटी पळवणाऱ्या गुंडाला एकाच तराजूत तोललं जात होतं.

बिशप बैठकीला आले ते ही सगळी माहिती घेऊन. प्रत्येकाकडे आपल्या धर्मप्रांतातल्या फादरांकडून, ननांकडून, नॅम्फ्रेलच्या कार्यकर्त्यांकडून आलेले अहवाल होते. पत्रक निघू नये म्हणून मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांनी स्वतः कार्डिनलांची गाठ घेतली. त्याचा उपयोग झाला नाही.

पत्रकात काय होतं

१४ फेब्रुवारीच्या पत्रकावर परिषदेचे अध्यक्ष, सेबूचे कार्डिनल रिकार्डो व्हिदाल यांची सही आहे. पत्रक लहान आहे आणि त्याची भाषा सोपी आहे. लोकांनी आपला कौल सांगितला, किंवा सांगायचा प्रयत्न केला, अशी त्याची सुरुवात. फसवणुकीच्या बाबतीत या निवडणुकीला तोड नाही, हा निष्कर्ष. मग पुरावा चार गटांत: मतदारांना पद्धतशीरपणे यादीतून वगळणं, सर्वत्र आणि प्रचंड प्रमाणावर मतं विकत घेणं, निकालपत्रांत जाणूनबुजून फेरफार, आणि धमक्या, छळ, दहशत, खून.

यानंतर नैतिक निवाडा येतो: अशा मार्गाने सत्ता मिळवणाऱ्या किंवा टिकवणाऱ्या सरकारला नैतिक पाया नाही. त्या सरकारने स्वतःहून चूक दुरुस्त केली नाही, तर ती दुरुस्त करायला लावणं ही लोकांची जबाबदारी आहे. मार्ग कोणता, तर न्यायासाठी अहिंसक लढा. काहीच न करता बसणंही नको आणि भावाने भावाचं रक्त सांडणंही नको, असं ते स्पष्ट सांगतात.

आता या पत्रकात काय नाही ते पाहू. कोरी अक्विनो जिंकल्या, असं ते जाहीर करत नाही. लोकांनी कुणाला राष्ट्राध्यक्ष मानावं हे सांगत नाही. ऐकलं नाही तर देवाचा कोप होईल, अशी भीती घालत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी: बिशप प्रत्येक श्रद्धावंताला आणि प्रत्येक समूहाला सांगतात की या मतदानाबद्दल तुम्ही स्वतः विचार करून मत बनवा. तुम्हालाही आमच्यासारखंच दिसत असेल, तर पुढे काय करायचं ते आपण एकत्र बसून ठरवू. संगणक कर्मचाऱ्यांचं, नॅम्फ्रेलच्या स्वयंसेवकांचं, धमक्यांना न घाबरता मत देणाऱ्यांचं ते नाव घेऊन कौतुक करतात. निर्णयाचं ओझं बिशपांनी लोकांच्या खांद्यावरून उचलून आपल्याकडे घेतलं नाही. धर्मसत्तेला हे जमणं सोपं नाही.

१५ फेब्रुवारीला संसदेने मार्कोस यांना विजयी घोषित केलं: त्यांना १,०८,०७,१९७ मतं, कोरींना सुमारे ९२ लाख ९१ हजार. नॅम्फ्रेलच्या अपुऱ्या राहिलेल्या मोजणीत, जिच्यात सुमारे ७० टक्के केंद्रं आली होती, कोरी साडेआठ लाखांच्या आसपास मतांनी पुढे होत्या. १६ तारखेला रविवार होता. बिशपांचं पत्रक देशभरच्या चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, वेळी वाचलं गेलं. त्याच दुपारी मनिलाच्या लुनेता मैदानावर प्रचंड सभा झाली आणि कोरींनी असहकाराचा कार्यक्रम दिला: मार्कोस यांच्या मर्जीतल्या बँका, वर्तमानपत्रं आणि सॅन मिगेलसारख्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार, आणि मार्कोस यांच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, संप. लोकांनी बँकांतले पैसे खरोखर काढायला सुरुवात केली.

२२ फेब्रुवारीला घटनांनी वेगळं वळण घेतलं. संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रीले आणि लष्कराचे उपप्रमुख फिडेल रामोस यांनी बंड केलं. त्यांच्या गटातल्या अधिकाऱ्यांचा उठावाचा कट आधीच फुटला होता, त्यामुळे ते मनिलाच्या दोन लष्करी छावण्यांत अडकले. रात्री कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना सांगितलं की छावण्यांपाशी जा, त्यांना पाठिंबा द्या, खायला घेऊन जा. मठाबाहेर कधीही न पडणाऱ्या ननांना त्यांनी उपास आणि प्रार्थना सुरू करायला सांगितलं. पुढचे तीन दिवस एड्सा हा हमरस्ता माणसांनी भरून गेला. रणगाड्यांसमोर जपमाळा घेऊन लोक बसले. २५ तारखेला कोरी यांनी एका क्लबात शपथ घेतली, मार्कोस यांनी त्याच दिवशी राजवाड्यात, आणि रात्री अमेरिकी विमानाने ते देशाबाहेर गेले.

या निर्णायक तीन दिवसांत बंदुका होत्याच, फक्त रस्त्यावरच्या गर्दीवर त्या चालवल्या गेल्या नाहीत. एन्रीले हे मार्शल लॉ राबवणाऱ्यांपैकीच एक. लष्कर फुटलं नसतं तर नुसत्या बहिष्काराने काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण ज्यांनी रस्ता भरला ते लोक एका रात्रीत जमले नव्हते. तंबूंमधले उपास, मतपेट्यांवरचा पहारा, आणि आठवड्यापूर्वी प्रत्येक चर्चमध्ये वाचलं गेलेलं ते पत्रक, अशी वर्ष-दीड वर्षाची तालीम त्यांच्या पाठीशी होती. रणगाड्यातल्या पोराला पाव आणि सिगारेट देणाऱ्या बाईला आपण काय करतोय हे पक्कं माहीत होतं.

सामाजिक न्यायाच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र उदास आहे. २२ जानेवारी १९८७ रोजी जमिनीच्या मागणीसाठी राजवाड्याकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलापाशी गोळीबार होऊन १३ जण मेले, आणि राष्ट्राध्यक्ष कोरी होत्या. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाची हासिएन्दा लुइसिता ही हजारो हेक्टरची ऊसजमीन पुढे अनेक वर्षं कुळांना मिळाली नाही. बिशपांनी मतपेटीच्या चोरीवर जो स्पष्ट निवाडा दिला, तसा जमिनीच्या चोरीवर तितक्या एकमुखाने दिला असता तर, हा प्रश्न मला सतावतो. चर्चचे मोठे आधारस्तंभही जमीनदार घराण्यांतूनच आले होते.

नाव घेऊन सांगायला लागल्यावर

पुढच्या निवडणुकांत चर्चने आपली ताकद पुन्हा अजमावून पाहिली. १९९८ मध्ये कार्डिनल सिन यांचा विरोध असूनही चित्रपट अभिनेते जोसेफ एस्त्रादा मोठ्या फरकाने निवडून आले, कारण गरिबांनी त्यांना भरभरून मतं दिली. २०१३ मध्ये बकोलोद धर्मप्रांताने कॅथीड्रलच्या भिंतीवर मोठा फलक लावला: कुटुंबनियोजनाच्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या उमेदवारांची यादी ‘मृत्यूचा संघ’ म्हणून, विरोध करणाऱ्यांची ‘जीवनाचा संघ’ म्हणून. निवडणूक आयोगाने हरकत घेतली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर धर्मप्रांताच्या बाजूने निकाल दिला. मतदारांनी मात्र दोन्ही याद्यांतून उमेदवार निवडून दिले. ज्या नेग्रोसमध्ये चर्च एकेकाळी उपाशी ऊसमजुरांच्या बाजूने उभं राहिलं, त्याच बेटावरच्या धर्मप्रांताने नैतिकतेचा सगळा प्रश्न एका कायद्यावरच्या मताला आणून टेकवला, हे पाहून वाईट वाटतं.

२०१६ मध्ये पोपना उघड शिवी देणारे रॉड्रिगो दुतेर्ते बिशपांनी इशारे देऊनही जिंकले. २०२२ हा सर्वांत वेदनादायी अध्याय. मार्कोस यांचा मुलगा फर्डिनंड धाकटा उभा होता. एड्साच्या वर्धापनदिनी, २५ फेब्रुवारीला, बिशपांच्या परिषदेने मार्शल लॉच्या इतिहासाची मोडतोड होत असल्याबद्दल पत्र काढलं. शेकडो फादर, अनेक बिशप, नन उघडपणे विरोधी उमेदवार लेनी रॉब्रेदो यांच्या बाजूने उतरले. धाकट्या मार्कोस यांना ३ कोटी १६ लाखांहून अधिक मतं मिळाली, जवळजवळ ५९ टक्के.

१९८६ आणि २०२२ मध्ये बदललं काय? चर्चची पत घसरली, समाजमाध्यमांवर खोटा इतिहास पसरला, ही कारणं खरीच आहेत. पण मुख्य गोष्ट वेगळी वाटते. १९८६ च्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य ऐकणारा माणूस मान हलवत होता, कारण यादीतून त्याचंच नाव गायब झालं होतं, पाकीट त्याच्याच हातात ठेवलं गेलं होतं. २०२२ च्या मतदारांत फार मोठा वर्ग १९८६ नंतर जन्मलेला. त्यांना बिशप जे सांगत होते ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि एड्सानंतरच्या छत्तीस वर्षांत आपल्या घरची गरिबी हटली नाही हे त्यांनी पाहिलेलं होतं. बिशप आठवणीबद्दल बोलत होते आणि मतदार आपल्या अनुभवाबद्दल. त्यातच फादरांनी उमेदवाराचा झेंडा हातात घेतल्यावर त्यांचं बोलणं प्रचारातल्या अनेक आवाजांपैकी एक झालं. इग्लेसिया नि क्रिस्तोनेही आपला पाठिंबा जाहीर केला होताच, धाकट्या मार्कोस यांना.

आपल्याकडे हे चाललं असतं का?

भारतीय वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं आणि मत दिलं नाही तर ईश्वराचा कोप होईल अशी भीती घालणं हे भ्रष्ट आचार आहेत. या कलमाचे मोठे खटले मुंबईतूनच गेले. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला: उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावाने केलेलं आवाहनही भ्रष्ट आचारच.

या कसोटीवर बकोलोदचा फलक इथे नक्कीच अडचणीत आला असता. २०२२ मधला फादरांचा प्रचार कुठल्या शब्दांत केला यावर बरंच काही अवलंबून राहिलं असतं. १४ फेब्रुवारी १९८६ चं पत्रक मात्र, माझ्या वाचनाप्रमाणे, टिकलं असतं. ते मतदानानंतरचं होतं, त्यात कुणासाठी मत मागितलेलं नव्हतं, देवाची भीती नव्हती. यादी, पैसा, आकडे आणि खून यांची साक्ष होती. तीन असहमत न्यायाधीशांना चिंता होती ती नेमकी याची, की समाजाने सोसलेल्या अन्यायाबद्दल बोलणंच बंद होऊ नये. ती चिंता मला रास्त वाटते.

मतदार यादीतून वस्तीच्या वस्ती गायब होणं, आदल्या रात्री पाकिटं वाटली जाणं, हे आपल्या गावांना अनोळखी नाही. मंदिराचे विश्वस्त, मशिदीचे इमाम, वारकरी फडांचे प्रमुख, बौद्ध विहारातले भन्ते, वसई आणि गोव्यातले धर्मगुरू एकत्र बसले आणि कुठल्याही उमेदवाराचं नाव न घेता, आपापल्या परिसरात यादीतून किती नावं गेली, पैसे कुठे वाटले गेले, कुणाला धमकावलं गेलं एवढंच तपासून, सह्या करून त्यांनी प्रसिद्ध केलं, तर कायद्याला त्यात हरकत घेण्याजोगं काही सापडू नये. अडचण कायद्याच्या बाहेर आहे. नोंद करायला मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभी राहणारी माणसं लागतात, आणि ती नॅम्फ्रेलने १९८३ पासून जमवायला घेतली होती.